चव्वेचाळीस नंबरचा ब्लॉक

"ब्लॉक कधी संपवायचा नाही, मुली. कितीही मोठा डॉक्टर मागायला येऊ दे. नखाच्या कोरीएवढा तरी मागं ठेवायचा. मेणातला तुकडा मेलेला असतो, त्याचा मालक मेलेला नसतो. तो परत येतो."

शांतवनकाकांनी मला हे पहिल्या दिवशी सांगितलं. मिरजेच्या कॅन्सर हॉस्पिटलात तळमजल्यावर आमची लॅब होती आणि काका तिथले सर्वांत जुने टेक्निशियन. पेशंटच्या गाठीचा तुकडा वरून यायचा. तो आम्ही काडेपेटीहून लहान अशा मेणाच्या वडीत बसवायचो. ती वडी म्हणजे ब्लॉक. मग ती यंत्राला लावायची, चाक फिरवायचं, आणि पात्यावरून केसाहून पातळ काप सुटायचे, एकाला एक जोडून फीत होऊन. फीत कोमट पाण्यावर सोडायची आणि काचेवर उचलायची. शेजारी कुणी मोठ्यानं हसलं तरी ती उडते. काका म्हणायचे, "तू आधीच हळू बोलतेस. तुला हे काम देवानं नेमून दिलंय."

काका निवृत्त झाले, नंतर वारलेही. मी त्यांचा शब्द एकोणीस वर्षं पाळला.

त्या वर्षी दशलक्षण पर्व चालू होतं. भाद्रपदातले आम्हा जैनांचे व्रताचे दहा दिवस. मी एरवीही नेमानं राहणारी आहे. सूर्यास्तानंतर पाणी नाही, कंदमूळ नाही, अष्टमी-चतुर्दशीला उपवास. त्या वर्षी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, आर्यिका माताजींचा चातुर्मास होता, आणि मी त्यांच्याकडून दहा दिवसांचा नियम घेतला होता, उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन. माताजी म्हणाल्या होत्या, "खुणाही नाहीत, लिहून दाखवणंही नाही. हातवारे करून बोललं तर ते मौन नव्हे, मुकेपणाचं सोंग." मी हात जोडून हो म्हटलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला लॅबच्या खिडकीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. धोतर, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ.

"बाई, वैजयंता गुरव हिच्या गाठीचं मेण हितंच आसतंय न्हवं?"

"इथंच असतं. तुम्ही कोण तिचे?"

"सासरा. तात्या म्हंत्यात मला. हिंगणवाडीच्या सिद्धनाथाच्या देवळात सनई वाजवतो. पोरगा ट्रकवर हाय, म्हैनाम्हैना गुजरातेत. तिला घिऊन मीच हिंडतोय."

वैजयंता मला आठवत होती. छत्तीस वर्षांची, अंगणवाडीत शिकवायची. सुई घालून काढलेला तिचा तुकडा दोऱ्यासारखा बारीक होता. ब्लॉक मीच केला होता.

"पुण्याच्या डाक्टरनं सांगितलंय," तात्या खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, "एक गोळी निघालीया. सगळ्यास्नी लागू पडत न्हाई. गाठीत त्यो... काय त्यो..."

"डीएनए."

"हां. त्यात एक ठरावीक बदल आसंल तरच लागू पडती. पर ज्येला पडली, त्यो म्हनं म्हैन्याभरात शेताला जातोय. मेण घिऊन या, तपासतो म्हनला."

"त्यांची चिठ्ठी?"

तात्यांनी कपाळावर हात मारला. "फायलीत ऱ्हायली बघा. परवाच्याला घिऊन येतो."

"चिठ्ठीशिवाय मला देता येत नाही, तात्या."

"द्या म्हनतच न्हाई वो. ठिवा म्हंतो."

"ठेवते. कुठं जात नाही तो."

ते जायला वळले, पण गेले नाहीत. खिडकीशी परत येऊन त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"आजून एक इचारू का? हसू नका."

"विचारा ना."

"चाळीस वर्सं बिडी वडली म्या. सैपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. ती आत भाकरी थापायची, मी हितं धूर सोडायचो. गप्पा मारत. पोरीनं कदी त्वांड वाकडं केलं न्हाई. आता तिच्या म्हायेरची मानसं म्हंत्यात, सासऱ्यानं खाल्ली. पोरगा त्वांडानं म्हनत न्हाई, नुस्ता बगतोय." त्यांचा आवाज खाली आला. "सनई फुकनारा मी. बिड्या वडनारा मी. आन् फुफ्फुस तिचं नासलं? त्या मेणात कळतंय का वो, कुनाच्या धुरानं झालं?"

मला हे नेमकं ठाऊक होतं, कारण त्याच वेळी आमच्याकडे त्याचा अभ्यास चालू होता. डॉक्टर सबनीस तो करत होते. ज्या बायकांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही, त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर का होतो? त्यांच्या गाठींतल्या डीएनएमध्ये काय काय बदललेलं असतं? मला समजावं म्हणून सर एकदा म्हणाले होते, "पेशीत एक पोथी असते असं धरा, त्रिशलाताई. गाठीतल्या पोथीत खाडाखोड झालेली असते. कुणी केली ते अक्षराच्या वळणावरून ओळखता येतं. तंबाखूच्या धुराचं वळण वेगळं, उन्हाचं वेगळं." अशा शंभर गाठी त्यांना हव्या होत्या. वैजयंतानं फॉर्मवर सही केली होती आणि अभ्यासात तिचा नंबर चव्वेचाळीस होता. तिच्या ब्लॉकमधले थोडे काप आधीच बाहेरच्या मोठ्या लॅबला गेले होते.

"कळू शकतं," मी म्हटलं.

"मग कळलं की मला सांगा. भलं आसू दे, बुरं आसू दे. दुसऱ्याकडनं नगो, तुमच्या तोंडनं."

"सांगेन तात्या. माझ्या तोंडानं सांगेन."

दुसऱ्या दिवशी, पर्वाच्या सहाव्या दिवशी, पावणेअकरा वाजता सबनीस सर स्वतः लॅबमध्ये आले. मागोमाग कुरिअरवाला थर्मोकोलचा खोका घेऊन.

"अरे वा, आज मौनीबाबा!" सर हसले. त्यांना माझा नियम माहीत होता. पाच दिवस ते माझ्याशी असंच एकतर्फी बोलत होते. "बरंय, निदान कुणीतरी माझ्याशी वाद घालत नाही. ऐका. चव्वेचाळीसमधून डीएनए फारच कमी निघालं. तिकडची मंडळी म्हणतात, अजून द्या नाहीतर हा नंबर सोडा. शंभर पुरे व्हायला आपल्याकडे मोजून शंभरच आहेत. खोका पावणेबाराला निघतोय. उरलाय तो ब्लॉक सगळा घ्या."

मी ब्लॉक हातात घेतला. बर्फावर ठेवलेलं गार मेण. आत दोरा, तांदळाच्या दाण्याच्या लांबीचा.

"कुणी मागितलेला नाही ना हा? रजिस्टरमध्ये नोंद नाहीये, मी बघितलं."

नोंद नव्हतीच. चिठ्ठी आली असती तर झाली असती.

सर माझ्याकडे बघत होते. मी ब्लॉककडे बघत होते.

"मग घ्या," सर म्हणाले.

मी ब्लॉक यंत्राला लावला. नवं पातं घातलं. मनात हिशेब केला तो असा. दहा काप देते, मग हात थांबवते, बाराला बोलते. सबंध पाच दिवसांत एक शब्द, एक खूण माझ्याकडून गेली नव्हती. घरात दूध उतू गेलं तेव्हा नाही, सासूबाई घसरल्या तेव्हा नाही, धावत जाऊन उचललं पण 'अगंबाई' म्हटलं नाही. बस्तीत बायका म्हणायच्या, त्रिशलाचं मौन म्हणजे मौन. ते मला ऐकू यायचं. आवडायचं.

दहा काप झाले. ते गुंडाळी होऊन पडले, मी चिमट्यानं उचलून नळीत टाकले. नळी सरांनीच धरली होती.

"अजून," सर म्हणाले. "अजून घ्या. थांबायचं असेल तर सांगा हं."

मी चाक फिरवलं. पंधरा. वीस.

"काही अडचण असेल तर थांबा, ताई."

हे त्यांनी दुसऱ्यांदा म्हटलं. त्यांच्याबद्दल मला नंतर पुष्कळ काही वाटलं, पण त्यांनी दोनदा विचारलं, हे मी कधी विसरले नाही. मला बोलायचीही गरज नव्हती. नुसता चाकावरून हात काढायचा होता. पण हात काढणं ही खूण झाली असती.

सव्विसाव्या कापाला पांढरा दोरा तुटका दिसला. अठ्ठाविसाव्याला दोन ठिपके. तिसावा काप काचेसारखा स्वच्छ आला. नुसतं मेण.

सरांनी नळीचं झाकण लावलं. "छान. उत्तम काम." पावणेबाराला खोका गेला.

बारा वाजता मी हात जोडून नवकार मंत्र म्हटला, नियम सोडला, आणि सरांच्या खोलीत गेले.

"सर, त्या ब्लॉकसाठी पेशंटचे सासरे आले होते. काल. पुण्याच्या डॉक्टरांनी मागवलाय. गोळीच्या तपासणीला."

सरांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. "काल?"

"काल दुपारी."

"तुम्हाला हे पावणेअकराला माहीत होतं?"

"हो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

मी काही म्हटलं नाही. खरं म्हणजे आता बोलायला मोकळी होते.

सरांनी त्या लॅबला फोन लावला. मी उभीच राहिले. त्यांनी विनवलं, रागावले, पुन्हा विनवलं. खोका पोचला की ती नळी न उघडता परत पाठवा, म्हणाले. तिकडून दोन दिवसांनी उत्तर आलं. निरोप मिळायच्या आत नळी कामाला घेतली गेली होती, आणि डीएनए इतकं थोडं निघालं की सगळंच यंत्रात गेलं.

पण ते नंतर. त्या दुपारी सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "सासरे आले तर सांगा, बायोप्सी फार लहान होती, तपासणीतच ब्लॉक संपला. यात खोटं काय आहे? तपासणीतच संपला."

"हो सर."

"चूक दोघांची आहे, त्रिशलाताई. पण ती कागदावर आली तर अख्खा अभ्यास बंद पडेल. नव्याण्णव बायकांचे ब्लॉक वाया जातील."

दुसऱ्या दिवशी तात्या आले. मुद्दाम दुपारी. मी सकाळी बोलत नाही हे त्यांना शिपायानं सांगितलं होतं.

"तुमचं व्रत मोडाय नगो म्हून बाराच्या फुडं आलो," ते म्हणाले. घडी घालून पिशवीत ठेवलेली चिठ्ठी त्यांनी गजांतून आत सरकवली. "वाचा. सही-शिक्का समदं हाय."

"तात्या," मी म्हटलं, "ब्लॉक संपला."

"संपला म्हंजी?"

"तुकडा फार लहान होता हो. तपासणीतच संपला."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "परवा तर ठिवते म्हनला."

"तेव्हा मला वाटलं आत थोडा आहे. बघितलं तर नव्हता."

हे मी अगदी हळू आवाजात म्हटलं. मी सगळंच हळू आवाजात म्हणते. लोकांना वाटतं, असं बोलणारी बाई खोटं बोलत नाही.

तात्यांनी चिठ्ठी परत घेतली, पुन्हा तशीच घडी घातली. "तुमी तरी काय करनार, बाई. देवाच्या मनात नसंल." मग जाता जाता, जणू मलाच धीर द्यायला, म्हणाले, "आजून एक बार सुई घालत्यात का इचारतो."

चतुर्दशीला पर्व संपलं. बस्तीत ज्यांनी कडक नियम पाळले त्यांचा सत्कार होता. माझं नाव पुकारलं. "सौ. त्रिशला नांद्रे, दहा दिवस अखंड मौन." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी श्रीफळ घेतलं, ब्लाउजपीस घेतला, माताजींच्या पुढ्यात वाकले. त्यांनी विचारलं, "अडथळा आला नाही ना?"

"नाही, माताजी."

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही घरोघरी जाऊन क्षमा मागतो. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची. मी शेजाऱ्यांची मागितली. जावेची मागितली, जिच्याशी चार महिने अबोला होता. शिपायाची मागितली. सबनीस सरांपुढे हात जोडून "उत्तम क्षमा" म्हटलं, तर ते गडबडून उभे राहिले, "अहो, मीच मागायला हवी." हिंगणवाडी मिरजेपासून बसनं दीड तास आहे. तिकडे मी गेले नाही.

वैजयंताला दुसऱ्यांदा सुई घातली ती आमच्याच हॉस्पिटलात. फुफ्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर साठली. आठ दिवस छातीत नळी होती. हाताला आलेल्या तुकड्यात नुसतं रक्त निघालं. त्याचाही ब्लॉक मीच केला. एकदा काच घेऊन वॉर्डात गेले होते, तेव्हा ती उशीला टेकून बसली होती आणि तात्या तिची वेणी घालत होते. जाडजूड, सनईवर फिरलेली बोटं. तिपेडी वेणी वाकडी येत होती.

"मामा, तुमी सनईच वाजवा," ती धापा टाकत हसली.

"गप गं. ताल धरलाय न्हवं? सूर बी गावंल."

पुण्याच्या डॉक्टरनं रिपोर्टशिवाय गोळी दिली नाही. बदल नसताना दिली तर उलटीच पडते, म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मार्गशीर्षात वैजयंता गेली. मागे नवरा, सासरा आणि आठ वर्षांची एक मुलगी.

पौषात अभ्यासाचे निकाल आले. सरांनी मला बोलावून दार लावून घेतलं.

"चव्वेचाळीस," ते म्हणाले. कागद त्यांनी माझ्याकडे फिरवला नाही. "तो बदल आहे. नेमका तोच."

"गोळी लागू पडली असती?"

"अशा बदलाच्या दहांतल्या सातांना तरी पडते. कायमची नाही. वर्ष, दीड वर्ष. कुणाकुणाला तीन."

मी विचारलं, "आणि धूर?"

"काय?"

"धुराची खाडाखोड आहे का त्यात? बिडीची?"

सरांनी कागद पुन्हा वाचला, बोट फिरवत. "नाही. ते वळणच नाही यात. आता घरातल्या धुरानं काडीचंही झालं नसेल असं छातीठोक कुणीच सांगणार नाही. पण या गाठीत बिडीचं अक्षर नाही, एवढं मी कुणाहीपुढं सांगेन. का विचारताय?"

मी तात्यांचं सांगितलं. उंबरा, भाकऱ्या, माहेरची माणसं, मुलाचं बघणं. मी त्यांना काय कबूल केलंय, तेही.

सरांनी कागद फायलीत घातला. मग म्हणाले, "सांगा. जाऊन सांगा. पण काय सांगाल? तुमच्या बिडीनं नाही झालं, हे कुठून कळलं म्हणतील ते. गाठ तपासली म्हणाल. कुठली गाठ? ब्लॉक तर संपला होता. मग?"

मग काय, ते मला कळलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर होत्या. एक वाचून दाखवायची तर दुसरी झाकता येत नव्हती. म्हाताऱ्याला सोडवायचं तर मला अडकायला हवं होतं.

"शिवाय फॉर्मवर लिहिलंय," सर म्हणाले, "अभ्यासातला निकाल नातेवाइकांना द्यायचा नाही."

तो नियम मी उचलला. नियम मला चांगले पाळता येतात.

पुढच्या भाद्रपदात तात्या खिडकीशी आले. वाळले होते.

"डोळं दावाय आलो हुतो मिरजंला," ते म्हणाले. "म्हनलं बाईस्नी भेटून जावं. त्या धुराचं काय कळलं का वो?"

"अजून नाही, तात्या."

"आसूं दे. येळ लागत आसंल."

त्याच्या पुढच्या वर्षी आले तेव्हा म्हणाले सनई दुरुस्तीला दिलीय. पण हातात काही नव्हतं. "लग्नाला कोन बलवत न्हाई मला आता. म्हंत्यात, घरातली लक्षुमी खाल्लेला म्हातारा, त्याची सनई कशाला दारात. ...काय कळलं का?"

"अजून नाही."

तिसऱ्या वर्षी त्यांनी निमित्तही सांगितलं नाही. नुसते गजाशी उभे राहिले. मी नाही म्हणून मान हलवली. खरं म्हणजे त्या वेळी दुपारचे दोन वाजले होते आणि मला बोलायला काहीच हरकत नव्हती.

तोवर सरांचा लेख एका परदेशी मासिकात आला होता. शेवटी आभाराच्या ओळीत माझं नाव होतं. सरांनी एक प्रत मला दिली. चव्वेचाळीस नंबर त्यात एका तक्त्यात होता. वय छत्तीस, स्त्री, धूम्रपान नाही.

चौथ्या वर्षी तात्या आले नाहीत. पर्व गेलं, क्षमावाणी झाली. आश्विन लागला. मी मनाशी म्हटलं, सुटले. हा शब्द मनात आला, हे मी लपवणार नाही.

दिवाळीच्या तोंडावर एक बाई रिपोर्ट न्यायला आली. पत्ता हिंगणवाडीचा.

"तुमच्या गावात तात्या गुरव आहेत," मी कागद देत विचारलं. "बरे आहेत का?"

"त्ये व्हय? हायती की. देवळाच्या मागल्या खोलीत ऱ्हात्यात."

"घरी नाहीत?"

"पोरानं काढलं. म्हनजी काढलं न्हाई म्हना, पर पोरीला जवळ जाऊ दीना. ती पोरगी आज्याकडं पळायची, बापानं एक दिस मारली तिला. म्हनला, आईला खाल्लं, आता तुलाबी खाईल. म्हाताऱ्यानं ऐकलं आन् आपलं गाठुडं उचललं." बाईनं कागद पिशवीत घातला. "बिडी तर त्यानं कवाच सोडलीया. आता सोडून काय उपेग?"

ती गेल्यावर मी यंत्र पुसलं. पातं काढून ठेवलं. वर सरांच्या खोलीत गेले.

"सर, मला उद्या रजा हवी."

"घ्या की. काय, यात्रा?"

"हिंगणवाडीला जाते."

सरांनी चष्मा काढला. "त्रिशलाताई, चार वर्षं झाली. बाई गेली. आता कुणाचं काय भलं होणार?"

"आठ वर्षांची मुलगी होती. बारा वर्षांची झाली असेल."

"नियमाप्रमाणे पेशंटचं नाव आणि निकाल जोडून कुणाला सांगता येत नाही. माझ्याकडून कागद मिळणार नाही तुम्हाला."

"कागद नकोय. मी तोंडानं सांगणार म्हटलं होतं."

"आणि ते विचारतील ब्लॉकचं?"

"विचारतील. त्यांच्या मुलालाही बोलवा म्हणणार आहे. दोघांसमोर सांगते."

"माझं नाव?"

"तुम्ही दोनदा विचारलं होतं, तेही सांगेन."

मी दार ओढून घेतलं.

सकाळी देवदर्शन करून मी पहिली बस धरली. घरात कुठे जाते ते सांगितलं होतं, कशाला ते नाही. कवठ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या, छाटणी झालेल्या, नुसत्या काठ्या आणि तारा. हिंगणवाडीच्या फाट्यावर मी एकटीच उतरले. वडाखाली एक बाई शेळ्या घेऊन बसली होती.

"तात्या गुरव कुठं राहतात?" मी विचारलं.

"कोन?"

"सनई वाजवायचे ते. सिद्धनाथाच्या देवळातले."

"आत्ता! बिडीनं सून खाल्लेला म्हातारा व्हय?" तिनं काठीनं दाखवलं. "त्यो कळस दिसतोय न्हवं, त्येच्या मागं."

मी पदर नीट केला आणि कळसाच्या दिशेनं चालायला लागले.